चूक झाली, चूक केली

मराठींत चूक कबूल करण्याच्या तीन तऱ्हा आहेत. “चूक झाली” असें म्हणतां येतें, “माझ्या हातून चूक झाली” असें म्हणतां येतें, आणि “मीं चूक केली” असेंहि म्हणतां येतें. पहिल्या वाक्यांत चूक हीच कर्ता आहे. पाऊस यावा किंवा दिवस मावळावा तशी ती आपण होऊन घडली, आणि जवळपास कोणी माणूस होता कीं नाहीं याचा पत्ताच नाहीं. दुसऱ्यांत माणूस आहे, पण तो आपल्याच हाताआड उभा आहे. तिसऱ्यांत तो पुढें येतो. आणि गंमत अशी कीं, व्याकरणकार कर्तरि प्रयोग म्हणतात तो पहिल्या वाक्याला, आणि माणूस जेथें उघडपणें आपलें नांव घेतो त्या तिसऱ्या वाक्याचा प्रयोग मात्र कर्मणि! व्याकरण आणि नीति यांच्या वाटा येथें वेगळ्या होतात. मी व्याकरणाचा नव्हे, तर्कशास्त्राचा अध्यापक आहें. तेव्हां हा वाद वैयाकरणांवर सोपवून मी माझ्या विषयाकडे वळतों.

या तीन वाक्यांचा विचार माझ्या मनांत जागा झाला तो संगणकाचे प्रोग्राम तयार करणाऱ्या मंडळींचा प्रमुख कसा असावा, या प्रश्नावरून. साहित्याच्या मासिकांत हा विषय कोठून आला, असें कोणी विचारील. परंतु ज्यांचा मुलगा, सून, भाचा किंवा जावई या धंद्यांत नाहीं, अशीं सुशिक्षित घरें आज पुण्या-मुंबईंत शोधावीं लागतील. रात्रीं साडेनऊला जेवणाचें ताट बाजूस सारून अमेरिकेंतल्या कोणाशीं तरी बोलत बसलेला मुलगा आई रोज पाहते. तो काय करतो हें तिला कळत नाहीं. पण तो कोणाला तरी भिऊन बोलत आहे, एवढें तिला त्याच्या आवाजावरून कळतें. शिवाय बँकेंतले पैसे, रेल्वेचें आरक्षण, परीक्षेचा निकाल, इस्पितळांतलीं यंत्रें हीं सारीं आतां अशाच मुलांनीं लिहिलेल्या आज्ञांवर चालतात. तेव्हां त्यांच्यावर अधिकार चालविणाऱ्याचा धर्म काय, हा प्रश्न घरगुतीहि आहे आणि सार्वजनिकहि आहे.

या धंद्याचें एक वैशिष्ट्य प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. गवंडी भिंत बांधतो तेव्हां मुकादमाला ती दिसते. कमरेइतकी झाली, खांद्याइतकी झाली, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. ओळंबा लावला कीं ती सरळ आहे कीं वांकडी हेंहि कळतें. प्रोग्राम असा दिसत नाहीं. पडद्यावर दिसतात त्या नुसत्या ओळी; त्या पुरत्या आहेत कीं अपुऱ्या, त्यांत पाणी कोठें मुरत आहे, हें ज्यानें लिहिलें त्यालाहि पुष्कळदां ठाऊक नसतें. “नव्वद टक्के काम झालें,” असें सांगणारा खोटें बोलत असतोच असें नाहीं. उरलेल्या दहांत काय दडलें आहे, हें त्याला अजून कळावयाचें असतें. अशा कामाचा प्रमुख दुसऱ्यांच्या शब्दावर जगतो. हाताखालच्यांनीं खरें सांगितलें तर त्याला डोळे आहेत. न सांगितलें तर तो आंधळा आहे, मग त्याच्या टेबलावर तक्ते आणि आलेख कितीहि असोत. म्हणून या धंद्यांतील नेतृत्वाविषयीं जीं पुस्तकें ढिगांनीं विकलीं जातात, त्यांतील वेळापत्रकांचा आणि बैठकांचा भाग मला दुय्यम वाटतो. मला विचारावासा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. या माणसाला खरें सांगितलें तर सांगणाऱ्याला त्याची किंमत काय पडते?

या विषयावरील एक गाजलेलें पुस्तक म्हणजे फ्रेडरिक ब्रुक्स यांचें १९७५ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘द मिथिकल मॅन-मंथ’. आयबीएम कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं ‘सिस्टिम ३६०’ या नांवाची संगणकांची एक मालिका जाहीर केली. तिच्यावर चालणाऱ्या ‘ओएस ३६०’ या प्रणालीच्या बांधणीचें काम ब्रुक्स यांच्याकडे होतें. काम लांबलें, खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला, आणि प्रणाली धड चालूं लागावयास आणखी बराच काळ लागला. या अनुभवांतून त्यांनीं काढलेला एक निष्कर्ष आज त्यांच्या नांवानें नियम म्हणून ओळखला जातो: रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसें नेमलीं कीं तें अधिकच रेंगाळतें. ज्यानें लग्नाचें घर पाहिलें आहे त्याला हें पटवून द्यावें लागणार नाहीं. ऐन पंगतीच्या वेळीं स्वयंपाकघरांत शिरलेला मदतनीस मीठ कोठें आहे हें विचारण्यांतच आचाऱ्याचा वेळ खातो. शिवाय पांच माणसांत बोलण्याच्या जोड्या दहा होतात, आणि माणसें दहा केलीं कीं त्याच जोड्या पंचेचाळीस होतात.

पण मला त्या पुस्तकांतील महत्त्वाचा भाग वाटतो तो हा नियम नव्हे. एके ठिकाणीं ब्रुक्स आपल्याच एका निर्णयाची हकीकत सांगतात. प्रणालीचें बाह्य स्वरूप कसें असावें याचा तपशील लिहून काढावयाचा होता. रचनेचें काम पाहणाऱ्या प्रमुखापाशीं दहा चांगलीं माणसें होतीं. त्याचें म्हणणें, आम्ही हें नीट करूं, पण दहा महिने लागतील. म्हणजे वेळापत्रकापेक्षां तीन महिने अधिक. दुसऱ्या एका विभागाच्या प्रमुखापाशीं दीडशें माणसें होतीं. त्याचें म्हणणें, आम्ही हें वेळेंत करूं. आणि काम दुसऱ्यांना दिलें तर माझीं दीडशें माणसें दहा महिने हातावर हात ठेवून बसतील. ब्रुक्स यांनीं दुसऱ्याचें ऐकलें. काम तीन महिने उशिरांच झालें, हलक्या प्रतीचें झालें, आणि त्याच्या विस्कळीतपणामुळें पुढें दोष शोधण्यांत, त्यांच्याच अंदाजानें, आणखी एक वर्ष गेलें. ही लक्षावधि डॉलरांची चूक होती, आणि ती आपली होती, हें त्यांनीं स्वच्छ लिहून ठेवलें आहे. “निर्णय चुकला” असें म्हणून त्यांना सहज पुढें जातां आलें असतें. हजारों माणसांच्या उद्योगांत एका निर्णयाचा माग कोण काढीत बसला आहे?

या हकीकतींत दुसरेंहि एक आहे, आणि तें अधिक बोंचणारें आहे. पहिल्या प्रमुखानें ब्रुक्स यांना खरें तें सांगितलें होतें. दहा महिने लागतील हें त्यांच्या कानांवर वेळेवर आलें होतें. म्हणजे खरें बोलणारा माणूस हाताशीं असणें पुरेसें नाहीं. उद्योगपर्वांत धृतराष्ट्राला झोंप येत नाहीं म्हणून तो विदुराला बोलावून घेतो, आणि विदुर त्याला रात्रभर नीति सांगतो. राजा रागावत नाहीं. उलट, आणखी सांग म्हणून आग्रह करतो, आणि अखेर तुझें म्हणणें मला पटतें असेंहि म्हणतो. पण दुर्योधन समोर आला कीं माझी बुद्धि फिरते, असा त्याचाच कबुलीजबाब आहे. आपण विदुराची स्तुति करतों आणि धृतराष्ट्राला ऐकूं येत नव्हतें असें धरून चालतों. वास्तविक त्याला ऐकूं उत्तम येत होतें. वेळापत्रक हा प्रत्येक प्रमुखाचा दुर्योधन असतो. तो पोटचा असतो, लाडका असतो, आणि त्याच्यासमोर दहा महिन्यांचें सत्य टिकत नाहीं.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों, कारण ती न सांगतां दुसऱ्यांच्या चुकांवर लिहिणें बरें दिसणार नाहीं.

सुमारें बारा वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाला आपल्या परीक्षा आपण घेण्याचा अधिकार मिळाला, आणि निकाल संगणकावर तयार करण्यासाठीं एक समिति नेमण्यांत आली. तिचें अध्यक्षपद माझ्याकडे आलें तें माझ्या संगणकविद्येमुळें नव्हे. त्या विद्येशीं माझा परिचय पत्रें लिहिण्यापुरताच होता. मी ज्येष्ठ होतों, एवढेंच. प्रोग्राम लिहिणारीं माणसें चार होतीं: संगणक विभागांतील एक तरुण अध्यापिका, आमचे दोन माजी विद्यार्थी, आणि शेवटच्या वर्षांत शिकणारा एक मुलगा. निकालाची तारीख वरिष्ठांनीं आधींच जाहीर करून टाकली होती. ती जवळ येऊं लागली तसा मी अस्वस्थ होऊं लागलों. काम किती झालें हें पारखण्याची विद्या माझ्यापाशीं नव्हती, म्हणून जी होती ती मीं वापरली. ती म्हणजे आवाज चढविण्याची. एके सायंकाळीं तो शेवटच्या वर्षाचा मुलगा छपाईची कांहीं अडचण घेऊन आला. व्यवस्थापनशास्त्रावरील कोणत्याशा व्याख्यानांत ऐकलेलें एक वाक्य मीं त्याला सर्वांदेखत ऐकविलें: “अडचणी घेऊन माझ्याकडे येऊं नका, उत्तरें घेऊन या.” वाक्य मला तेव्हां फार बाणेदार वाटलें होतें.

निकाल ठरल्या दिवशीं लागला. दुसऱ्या दिवशीं असें ध्यानांत आलें कीं, अठ्ठावीस विद्यार्थी नापास ठरले आहेत, आणि त्यांत कांहीं चांगलीं हुशार मुलें आहेत. या सर्वांनीं वर्षाच्या आरंभीं एक ऐच्छिक विषय सोडून दुसरा घेतला होता. सोडलेल्या विषयाची परीक्षा त्यांना द्यावयाचीच नव्हती, म्हणून त्या रकान्यांत गुण नव्हते. ‘गुण नाहींत’ याचा अर्थ प्रोग्रामनें ‘शून्य गुण’ असा घेतला होता. वस्तूचा अभाव निराळा आणि वस्तूचें परिमाण शून्य असणें निराळें, हें मी दरवर्षीं पहिल्या वर्षाच्या वर्गाला न्यायदर्शनांतील अभावाचा दाखला देऊन शिकवीत असें!

दुरुस्त निकाल लागावयास नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत एका मुलीची शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपली. तिचें वर्ष वांचलें, शिष्यवृत्ति गेली. तिचे वडील मला भेटावयास आले. ते एका साखर कारखान्यांत कारकून होते. त्यांनीं आरडाओरड केली नाहीं. ते म्हणाले, “सर, चूक कोणाची तेवढें सांगा. पोरीला वाटतंय, तिनंच फॉर्म भरतांना कांहीं घोळ केला.” मी म्हणालों, “संगणकाची चूक झाली.” ते “बरं” म्हणाले, नमस्कार केला आणि गेले. समितीच्या अहवालांत मीं लिहिलें, “संगणकीय प्रणालींतील दोषामुळें निकालांत त्रुटि राहून गेली.” या वाक्यांत असत्य असा एकहि शब्द दाखवितां यावयाचा नाहीं. अहवालाच्या संयत भाषेची बैठकींत स्तुति झाली.

पुढें चार-पांच वर्षांनीं तो शेवटच्या वर्षाचा मुलगा मला भेटावयास घरीं आला. तोंवर तो पुण्यांतल्या एका कंपनींत स्थिरावला होता. बोलतां बोलतां त्या निकालाचा विषय निघाला, आणि तो सहजपणें म्हणाला कीं, तो दोष त्याच्या लक्षांत निकालाच्या आठ दिवस आधींच आला होता. मीं विचारलें, “अरे, मग सांगितलें कां नाहींस?” तो म्हणाला, “सर, मी सांगणार होतो. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.”

त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. माझें तें वाक्य त्यानें आज्ञा म्हणून घेतलें होतें आणि पाळलें होतें. माझ्यापुढें प्रश्न उभा राहिला तो असा: त्या मुलीची शिष्यवृत्ति कोणी घालविली? ज्यानें ती ओळ लिहिली त्यानें? ज्याला दोष दिसला आणि जो गप्प बसला त्यानें? कीं ज्यानें दोष दिसलेल्या माणसाचें तोंड आठ दिवस आधीं बंद करून ठेवलें त्यानें? तर्कशास्त्रांत कारणें अनेक असतात आणि तीं मोजीत बसतां येतें. पण साखर कारखान्यांतल्या त्या गृहस्थांना कारणांची यादी नको होती.

त्याच विद्यार्थ्याकडून मला त्याच्या धंद्यांतील एक चाल कळली. रात्रीं कांहीं बिघडलें आणि सेवा बंद पडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वजण एकत्र बसून त्याची मीमांसा करतात. पण त्या बैठकींत कोणाचें नांव घ्यावयाचें नाहीं असा संकेत असतो. अमक्यानें चुकीचें बटण दाबलें असें म्हणावयाचें नाहीं. तें बटण कोणालाहि दाबतां येईल अशी रचना कशी राहिली, असें विचारावयाचें. नांव घेतलें कीं पुढच्या वेळीं माणूस लपवितो, आणि लपविलेला दोष अधिक महाग पडतो, हा व्यवहारी विचार त्यामागें आहे. मला ही चाल फार आवडली. आपल्या घरांतहि ती जुनीच आहे. लहान मुलाच्या हातून कपबशी पडली कीं शहाणी आई “फुटली, जाऊं दे, कांचेवर पाय देऊं नकोस” असें म्हणते. “फोडलीस” म्हणत नाहीं. त्या घरांतलें मूल दुसरी कपबशी फुटल्यावर तुकडे कपाटामागें सारीत नाहीं. येथें “चूक झाली” हें वाक्य म्हणजे निव्वळ औदार्य आहे.

पण कपबशी टेबलाच्या अगदीं कडेवर ठेवली होती ती वडिलांनीं, आणि तेहि जर वर्तमानपत्राच्या आडून “फुटली, जाऊं दे” असेंच म्हणाले, तर? शब्द तेच, पण आतां त्यांत औदार्य उरत नाहीं. माझ्या अहवालांतलें वाक्य या जातीचें होतें. हाताखालच्या माणसाविषयीं बोलतांना जें वाक्य प्रमुखाला शोभतें, तेंच त्यानें स्वतःविषयीं वापरलें कीं तें पळवाट होतें. आणि दोन्ही वेळां वाक्य अक्षरशः एकच असल्यामुळें ऐकणाऱ्याला फरक कळत नाहीं. त्या निर्नांव बैठकांविषयीं मीं हीच शंका काढली तेव्हां माझा विद्यार्थी हंसला. तो म्हणाला, “आमच्याकडे तेंच होतं, सर. महिनाअखेरीच्या आधीं काम बाहेर काढा असा हट्ट वरच्यांचा. चाचण्यांना वेळ मिळत नाहीं. मग बिघडलं कीं बैठकींत सगळे म्हणतात, कोणाला दोष द्यायचा नाहीं हं! त्या ‘कोणाला’मध्यें पहिले तेच असतात.”

मोठ्या चौकशांचे अहवाल वाचतांना मला आतां हा फरक शोधण्याची खोड लागली आहे. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून एरियान ५ हा युरोपीय अग्निबाण प्रथमच उडाला आणि सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झाला. एरियान ४ साठीं लिहिलेला प्रोग्रामचा एक भाग जसाच्या तसा त्यांत घातला होता. नव्या बाणाची गति निराळी, त्यामुळें एक संख्या तिच्यासाठीं राखलेल्या सोळा बिटांच्या जागेंत मावली नाहीं. हळहळ वाटावी अशी गोष्ट ही कीं, तो भाग जमीन सोडल्यानंतर या नव्या बाणाला लागतच नव्हता. गणिती जाक-लुई लिओं यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें त्याच वर्षीं जुलैंत अहवाल दिला. त्यांत ती ओळ लिहिणाऱ्याचें नांव नाहीं, आणि तें योग्यच आहे. पण सात संख्यांपैकीं तीन असंरक्षित ठेवण्याचा निर्णय भागीदार संस्थांनीं अनेक पातळ्यांवर मिळून मान्य केला होता असें तो अहवाल सांगतो, तेव्हां मला थोडें थांबावेंसें वाटतें. सर्वांनीं मिळून घेतलेला निर्णय हा पुष्कळदां कोणीच न घेतलेला असतो.

याहून भयंकर प्रकार इंग्लंडांत घडला. तेथील टपालखात्यानें १९९९ पासून ‘होरायझन’ नांवाची हिशोबाची प्रणाली शाखाशाखांतून बसविली. ती खोटी तूट दाखवूं लागली तेव्हां “चूक झाली” एवढेंसुद्धां कोणी म्हणेना. यंत्र चुकत नाहीं, त्याअर्थीं शाखा चालविणारा चोर, असा तर्क चालला, आणि नऊशेंहून अधिक माणसांना शिक्षा झाल्या. कित्येक तुरुंगांत गेले, कित्येकांचे संसार मोडले. २०१९ सालीं तेथील उच्च न्यायालयानें प्रणालींत दोष होते असा निर्णय दिला, आणि २०२४ सालीं पार्लमेंटला खास कायदा करून शेंकडों शिक्षा रद्द कराव्या लागल्या. इतक्या वर्षांत त्या खात्यांतल्या आणि प्रणाली बनविणाऱ्या कंपनींतल्या कोणालाच कांहीं ठाऊक नव्हतें असें नाहीं. ज्याला ठाऊक होतें त्याचा शब्द वर चढत नव्हता. आमच्या अठ्ठावीस विद्यार्थ्यांची गोष्ट यापुढें क्षुल्लक आहे. पण तिची जात निराळी नाहीं असें मला वाटतें.

उलट बाजूचें उदाहरण द्यावयाचें तर मी अपोलो ११ च्या रंगीत तालमीचें देईन. चंद्रावर माणूस उतरला हें सर्वांना ठाऊक आहे. त्याआधींच्या या तालमीची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. उड्डाणाच्या कांहीं दिवस आधीं ह्यूस्टनच्या नियंत्रण-कक्षांत उतरण्याचा सराव चालू असतां, परीक्षकांनीं मुद्दाम यानाच्या संगणकाकडून एक अपरिचित धोक्याची सूचना देवविली. संगणकाकडे पाहण्याचें काम स्टीव्ह बेल्स या सव्वीस वर्षांच्या तरुणाकडे होतें. त्याला सूचनेचा अर्थ लागेना; त्यानें उतरणें रद्द करावयास सांगितलें. तालीम संपल्यावर कळलें कीं रद्द करण्याचें कारण नव्हतें. चूक झाली होती. प्रमुख होते जीन क्रँझ. उड्डाण तोंडावर आलें आहे, साऱ्या जगाचे डोळे लागले आहेत, अशा वेळीं त्या मुलाला खुर्चीवरून उठविणें अगदीं सोपें होतें. क्रँझ यांनीं त्याला आणि त्याच्या सोबत्यांना, संगणक अशा किती सूचना देऊं शकतो आणि प्रत्येकीवर काय करावें, याचा पुरता अभ्यास करावयास लावला. जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या अभियंत्यानें त्या सर्वांची एक हस्तलिखित यादी करून जवळ ठेवली. २० जुलै १९६९ रोजीं यान खरोखर उतरत असतां तशीच सूचना आली, क्रमांक १२०२. गार्मननें यादींत पाहिलें, बेल्सला सांगितलें, आणि बेल्सनें पुढें जा म्हणून कळविलें. तालमींत चुकलेला मुलगाच त्या दिवशीं खुर्चीवर होता. आणि चुकला होता म्हणूनच त्याला आतां उत्तर ठाऊक होतें. मीं माझ्या मुलाला उत्तर घेऊन ये म्हणून बजावलें. क्रँझ यांनीं आपल्या मुलांना उत्तर शोधण्यास वेळ आणि विश्वास दिला.

प्रमुखानें दोष स्वतःकडे घ्यावा म्हणजे काय करावें, याविषयींहि थोडा घोटाळा आहे. १९५६ सालीं अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादुर शास्त्रींनीं मंत्रिपद सोडलें, हें उदाहरण आपल्याकडे नेहमीं दिलें जातें, आणि तें थोर आहेच. पण रोजच्या धंद्यांत त्याचें अनुकरण होतें तें निराळ्या स्वरूपांत. “सर्व जबाबदारी माझी” असें सभेंत मोठ्यानें म्हणावयाचें, टाळ्या घ्यावयाच्या, आणि आपण नेमकें काय केलें हें मात्र सांगावयाचें नाहीं. ‘सर्व’ म्हटलें कीं ‘अमुक’ सुटतें. ब्रुक्स यांनीं सर्व जबाबदारी घेतली नाहीं. कोणत्या दोघांपैकीं कोणाचें ऐकलें आणि त्यापायीं किती महिने गेले, एवढेंच त्यांनीं सांगितलें. पण तेवढें वाचून दुसरा प्रमुख आपल्या टेबलावरचा कागद पुन्हां एकदां पाहील. गेराल्ड वाइनबर्ग यांनीं १९७१ सालीं आपल्या पुस्तकांत प्रोग्राम लिहिणाऱ्यांना अहंकार सोडून आपलें काम दुसऱ्यांस तपासूं द्या असा उपदेश केला, आणि तो पुष्कळांनीं उचलला. लिहिणाऱ्यानें ‘मी’ सोडावा हें ठीक. पण त्याच्या प्रमुखानेंहि तो त्याच सुरांत सोडला, तर निर्णयाच्या जागीं कोणीच उरत नाहीं.

हा लेख मासिकाकडे पाठविण्यापूर्वीं मीं माझ्या त्या विद्यार्थ्याला वाचून दाखविला. आतां त्याच्या हाताखालीं चौदा माणसें आहेत. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “सर, पटतंय. पण ब्रुक्सनीं लिहिलं तेव्हां ते कंपनी सोडून प्राध्यापक झाले होते. तुमची नोकरी तर कायमचीच होती. तरी तुम्हीं तेव्हां सांगितलं नाहींत.” मग त्यानें स्वतःची एक गोष्ट सांगितली. मागच्या वर्षीं त्याच्याच आग्रहानें एक काम अर्धवट चाचणीवर बाहेर पडलें आणि रात्रभर गोंधळ झाला. मीमांसेच्या कागदावर त्यानें पहिली ओळ लिहिली कीं, चाचणी थांबवून पुढें जाण्याचा निर्णय माझा होता. त्याचीं चौदाहि माणसें तेव्हांपासून त्याला दोष दिसल्याबरोबर सांगतात, रात्रीं दोन वाजतांसुद्धां. आणि वर्षअखेरीस वेतनवाढीचा विचार झाला तेव्हां वरिष्ठांनीं तीच ओळ त्याच्यापुढें वाचून दाखविली.

“पुन्हां लिहिशील का?” असें मीं विचारलें.

“लिहीन,” तो म्हणाला. “पण घराचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत. दर वेळीं लिहीन असं आज सांगत नाहीं.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं, आणि या वेळीं मीं तें त्याच्याकडेहि मागितलें नाहीं. त्या मुलीच्या वडिलांचा पत्ता महाविद्यालयाच्या कार्यालयांतून मीं गेल्या आठवड्यांत काढविला आहे. तो माझ्या टेबलावर आहे. पत्र अजून लिहून झालेलें नाहीं.